म्हशींच्या नावाचं बिल

आमच्या ब्रूअरीचं पहिलं जीएसटी बिल मी म्हशींसाठी फाडलं. बिलावर नाव अर्थात त्यांच्या मालकाचं, अण्णांचं. गोठा लोणीकंदच्या पुढे, म्हशी चौदा. माल: बिअर बनवून उरलेला जवाचा ओला चोथा, २२० किलो. दर किलोला २ रुपये, झाले ४४० रुपये. वर ५ टक्के जीएसटी २२ रुपये. एकूण ४६२. अण्णांनी बिल उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, चोथ्याला टॅक्स आहे, मग बिअरला किती असेल?" मी म्हटलं, "अण्णा, बिअरला जीएसटी शून्य." ते असे हसले की मागची म्हैस दचकली.

ही गंमत मला तोवर कळली होती, पण खूप उशिरा आणि सव्वाअकरा लाखांच्या आसपासचा दणका बसल्यावर. तीच गोष्ट लिहायची आहे. गेल्या वर्षभरात चार जणांनी मला फोन करून "आम्हीपण छोटी ब्रूअरी टाकतोय, जरा आकडे सांगता का" म्हणून विचारलंय. दर वेळी तासभर बोलण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते.

मी गेली सोळा वर्षं भोसरीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉस्टिंग बघते. दादा बावीस वर्षं डेअरी प्लांटवर होता. स्टीलच्या टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, सफाईची कॉस्टिकची चक्रं, थंड पाणी यात त्याचा हात बसलेला. २००९ साली पुण्यात डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली. (नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत गेलेल्या शब्दाचं, ते पुन्हा मराठी मुलखात परत आलं.) तिथे दादा एकदा मित्रांबरोबर गेला आणि गव्हाची बिअर पिण्याऐवजी काचेपलीकडच्या टाक्यांची वेल्डिंग बघत बसला. "हे तर दुधापेक्षा सोपं आहे," हे त्याचं घरी येऊन पहिलं वाक्य. ते खोटं होतं, पण त्याला ते कळायला बारा-तेरा वर्षं होती.

२०२३ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि मला म्हणाला, "तू फक्त एक शीट बनवून दे."

शीट मी एका रविवारी दुपारी बनवली. पाचशे लिटरचा ब्रूहाउस, हजार लिटरचे चार फर्मेंटर, ग्लायकॉल चिलर, बॉयलर, केग (बिअरची पिंपं) धुण्याचं यंत्र, छोटा ईटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट). दूध कंपन्यांच्या टाक्या बनवणारा भोसरीचाच एक फॅब्रिकेटर दादाच्या ओळखीचा. सगळं मिळून ६२ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख १६ हजार. हे ११ लाख १६ हजार मी न अडखळता "येणे" या रकान्यात टाकले. सवय! आमच्या कंपनीत जीएसटी हा खर्च नसतो, तो पाहुणा असतो. पुढच्या दारानं येतो, मागच्या दारानं जातो, फार तर महिनाभर सोफ्यावर बसतो. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वळता करणं, मिळणारच या हिशेबानं मी उत्साहानं नोंदणीसुद्धा करून घेतली.

तीन आठवड्यांनी कंपनीतल्या आमच्या सीएंबरोबर चहा पिताना सहज विषय निघाला. ते बशीत चहा ओतता ओतता थांबले. "मॅडम, तुमचं आउटपुट काय?" "बिअर." "मग क्रेडिट कशाच्या विरुद्ध घेणार?"

मला पुढचं वाक्य ऐकायची गरज नव्हती. २०१६ च्या ज्या घटनादुरुस्तीनं जीएसटी आणला, तिनंच व्याख्येत मानवी सेवनाची दारू बाजूला काढून ठेवलीय. राज्यांना आपलं हे दुभतं जनावर सोडायचं नव्हतं, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण त्याचा अर्थ असा की तुम्ही टाकीवर, भाड्यावर, चिलरच्या दुरुस्तीवर, सीएच्या फीवर जो जीएसटी भरता तो तुमच्याकडेच राहतो. बिअरवर जीएसटी नाही, म्हणून वळता करायला जागाच नाही. बिअरवर राज्याचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, आणि या दोघांना जीएसटीशी सोयरिक नाही.

त्या संध्याकाळी मी स्वारगेटपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात रकाने हलवत होते. "येणे" मधून काढून "प्लांट" मध्ये. क्रेडिट घेतलं नाही तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरता येते आणि आयकरात १५ टक्क्यांनी घसारा मिळतो, एवढंच समाधान. ते म्हणजे जेवणाऐवजी बडीशेप.

आता चोथ्याकडे येते. नोंदणी होतीच, आणि चोथा ही मात्र जीएसटीतली वस्तू. २०२१ मध्ये जीएसटी कौन्सिलनं स्पष्टच केलं होतं की ब्रूअरीतल्या चोथ्याला ५ टक्के. त्याच बैठकीत असंही ठरलं की दुसऱ्याच्या प्लांटवर आपली बिअर बनवून घेतली, तर त्या जॉबवर्कला १८ टक्के. (हे फोन करणाऱ्यांनी दोनदा वाचा. "आधी दुसऱ्याकडे बनवून घेऊ, मग प्लांट टाकू" हा सल्ला सगळे देतात. ते १८ टक्केही परत येत नाहीत.) मग माझ्या डोक्यात किडा वळवळला: चोथ्याची विक्री करपात्र आहे, तर तेवढ्या प्रमाणात क्रेडिट? नियमांत प्रमाणाचं सूत्र आहे, मी ते चिकाटीनं लावलं. महिन्याला जे क्रेडिट निघालं त्यात दोन मिसळी आल्या असत्या, पावाशिवाय.

जागेचं प्रकरण वेगळंच. जागा दाखवल्याशिवाय अर्ज होत नाही, आणि अर्ज मंजूर झाल्याशिवाय त्या जागेत काही करता येत नाही. सणसवाडीच्या बाजूला शेड घेतली, भाडं १ लाख १० हजार, वर १८ टक्के. लायसन्स, नकाशे, प्रदूषण मंडळाची आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती, अन्नसुरक्षेचं लायसन्स, अग्निशमन, पाणी. पहिला घाणा पडेपर्यंत अकरा महिने. अकरा महिन्यांचं भाडं १४ लाख २७ हजार ८००, त्यातला जीएसटी २ लाख १७ हजार ८००. एवढ्या काळात त्या शेडमध्ये फक्त एक कुत्री व्यायली. चार पिल्लं. दादानं त्यांची नावं हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) जातींवरून ठेवली, कारण त्याला तेव्हा दुसरं काम नव्हतं.

कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. कागद क्रमानंच फिरतात. पण शीट बनवताना "सहा महिने" लिहिणाऱ्यांना मी आता बारा लिहायला सांगते आणि ते माझ्याकडे जुन्या जमान्यातल्या मावशीसारखं बघतात.

कर्जाचं एका परिच्छेदात उरकते. सरकारी स्वयंरोजगार योजनांच्या नकारयादीत मादक पदार्थांचं उत्पादन असतं, त्यामुळे अनुदानाचं नाव काढू नये. बँकेचे मॅनेजर फाइल बघून प्रेमानं म्हणाले, "लोणच्याचा कारखाना टाका, उद्या सँक्शन देतो." शेवटी धनकवडीचा फ्लॅट तारण ठेवून ४० लाख मिळाले. फ्लॅट आईच्या नावावर. सही करताना आई एवढंच म्हणाली, "तुझ्या आजोबांनी आयुष्यात विडा खाल्ला नाही," आणि सही केली. यापुढे तिनं या विषयावर काही बोलणं टाळलं, ते बोलण्यापेक्षा जड होतं.

आता खरा मुद्दा.

लोक मला विचारतात, बिअरवर टॅक्स किती? मला हा प्रश्नच अर्धा वाटतो. किती हा अर्धा, कधी हा दुसरा अर्धा, आणि छोट्या माणसाला मारतो तो दुसरा. बिअर तयार झाली, केगमध्ये भरली, की ती फाटकाबाहेर पडायच्या आधी उत्पादन शुल्क भरायचं. 'ग्रास' या राज्य सरकारच्या भरणा पोर्टलवर चलन काढायचं, पैसे गेले की मग वाहतुकीचा पास, मग टेम्पो. म्हणजे बिअरचा एक थेंब विकला जायच्या आधी सरकारचे पैसे चुकते. मग केग बाणेर-बालेवाडीच्या एखाद्या परमिट रूममध्ये जाणार, तिथे पंधरा दिवसांत रिकामा होणार आणि पैसे ४५ दिवसांनी येणार. "४५" हा बोलण्याचा आकडा. व्हॅट मात्र पुढच्या महिन्याच्या २१ तारखेला भरायचा, बारवाल्यानं पैसे दिले असोत वा नसोत.

म्हणून माझ्या शीटमध्ये रुपयांच्या आधी दिवसांचा रकाना आला. माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या जवाचे) पैसे गाडी निघायच्या आधी, म्हणजे घाण्याच्या १० दिवस अगोदर. टाकीत १७ दिवस. भरणं, चलन, पास २ दिवस. उधारी ४५. एकूण ७४. एकदा घातलेला रुपया वर्षात पाच वेळासुद्धा फिरत नाही. आमच्या भोसरीच्या कंपनीत हे कुणी सांगितलं असतं तर त्याला आम्ही कॅन्टीनमध्ये बसवून समजावलं असतं.

आमचा मावसभाऊ अमेरिकेत पोर्टलंडला असतो. त्याच्या गल्लीत म्हणे तीन ब्रूअऱ्या. त्यानं दादाला तिथल्या केंद्रीय कराचा तक्ता पाठवला: छोट्या ब्रूअरीला पहिल्या ६०,००० बॅरलपर्यंत बॅरलला साडेतीन डॉलर. बॅरल म्हणजे ११७ लिटर, म्हणजे लिटरला तीन सेंट. राज्यांचे कर वेगळे, पण तरी. दादा दोन दिवस हळहळत होता. मला हेवा वाटला तो दराचा नाही. खालच्या ओळीचा: वर्षाचा कर ५०,००० डॉलरच्या आत असेल तर तिमाही संपल्यावर चौदा दिवसांत भरा. म्हणजे बिअर विकून, पैसे घेऊन, गल्ल्यात ठेवून, मग कर. तीन महिने सरकारचे पैसे तुमच्या टाकीत आंबत राहतात. मी दादाला म्हटलं, "मला त्यांचा दर नको, त्यांचं कॅलेंडर दे."

दिवसांच्या रकान्यानं आमच्यात पहिलं खरं भांडण लावलं. दादाला लागर बनवायची होती. स्वच्छ, थंड, सहा आठवडे शांत पडून राहिलेली. त्याच्या डोळ्यांपुढे ती टाकी होती, माझ्या डोळ्यांपुढे तिचं भाडं. आमचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, हप्ता, तीन पगार, वीज, लायसन्स फीचा बारावा हिस्सा, मिळून महिन्याला ५ लाख ४० हजार. चार टाक्या, म्हणजे एका टाकीचा एक दिवस ४,५०० रुपयांचा, ती भरलेली असो वा रिकामी. एल, म्हणजे लवकर तयार होणारी बिअर, १७ दिवसांत निघते: ७६,५००. हजार लिटरमधून गाळ, यीस्ट, पाइपात राहिलेलं जाऊन ९०० लिटर विकायला मिळतात, म्हणजे लिटरला ८५ रुपये, आणि हे माल्ट, हॉप्स, शुल्क सगळं सोडून. लागर ४२ दिवस: १ लाख ८९ हजार. लिटरला २१०. नुसतं पडून राहण्याचे!

दादा म्हणाला, "तू बिअरला हॉस्पिटलचा बेड समजतेस." मी म्हटलं, "नाही, लॉजची खोली समजते. हॉस्पिटलात निदान विमा असतो." वहिनीनं दोघांना पोहे दिले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

चवींचंही तेच. त्याच्या वहीत सात बिअर होत्या. मार्केट यार्डातून आणलेल्या कोकमाची एक, काकवीची एक, नागपुरी संत्र्याच्या सालीची एक. पण प्रत्येक लेबल आधी मंजूर करून घ्यायचं, त्याची फी वेगळी, दर वर्षी. मी तीन ठेवल्या. कोकम राहिली, काकवी गेली. काकवी गेली याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ती खरंच चांगली होती.

आता फसलेला घाणा. तो सांगितल्याशिवाय हे लिहिणं लबाडीचं होईल.

एप्रिलमधला शनिवार. गव्हाची बिअर, टाकी नंबर तीन. रस ११.६ प्लेटोचा, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण साडेअकरा ग्रॅम गोडी. २.६ ला थांबायची, अल्कोहोल ४.७ च्या आसपास. लेबलही तसंच. अन्नसुरक्षेच्या नियमांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि त्यावर ८ पर्यंत स्ट्राँग, आणि एक्साइजचा हिशेबही साध्या आणि स्ट्राँगला वेगळा. रात्री वीज गेली, आली, पण चिलर परत सुरू झाला नाही. अलार्मचं कनेक्शन दादानं "सोमवारी करू" म्हणून ठेवलेलं. रविवारी दुपारी तो पोचला तेव्हा टाकी २९ अंशांवर.

मी संध्याकाळी गेले. दादा उंच काचनळी उजेडात धरून उभा होता. त्यात गोडी मोजायचा हायड्रोमीटर हळूहळू डुलत होता, फेस बाजूला सरकला की आकडा दिसायचा. १.६. त्यानं बोटानं काच टिचकवली, जणू आकडा खोटा असेल तर हलेल. पुन्हा १.६. यीस्टला उकाड्यात चेव आला होता, तिनं ठरल्यापेक्षा जास्त साखर फस्त केली होती. अल्कोहोल ५.२-५.३. त्यानं ग्लास माझ्या नाकाशी धरला. केळ्याचा जो वास असतो तो नव्हताच. नेलपॉलिशचा वास.

जर्मनीत बिअरचा कर मूळ रसाच्या गोडीवर घेतात: हेक्टोलिटरला दर प्लेटो अंशामागे ०.७८७ युरो. नंतर यीस्टनं त्यातलं किती खाल्लं याच्याशी कराला देणंघेणं नाही. आमच्याकडे यीस्टचा प्रत्येक घास कागदावर येतो. वास चांगला असता तर स्ट्राँगचं वेगळं लेबल, वेगळं शुल्क असा विचार तरी केला असता. वासानं तो प्रश्न सोडवला. सांडायची.

पण बिअर सांडणं हेही घरच्यासारखं मोरीत ओतण्याइतकं सोपं नाही. नोंदवहीत हजार लिटर बनल्याची नोंद आहे, ती कुठे गेली हे सांगावं लागतं. अर्ज, नमुना, परवानगी, अधिकाऱ्यांसमोर विल्हेवाट. दादानं नोंदवहीत जसं घडलं तसं लिहिलं. मी अर्ज लिहिला. टाकी २६ दिवस अडकली, म्हणजे माझ्या शीटमध्ये १ लाख १७ हजार, माल्ट वेगळं.

सांडण्याच्या दिवशी कळलं की ईटीपीलाही ती एकदम देता येत नाही. बिअर म्हणजे सांडपाण्यातल्या जिवाणूंसाठी लग्नाची पंगत, एकदम वाढली तर सगळे मरतात. निरीक्षक साहेबांनी मोजमाप घेतलं, सह्या झाल्या, बिअर साठवण टाकीत सोडली, आणि मग तिथून दादानं नऊ दिवस थोडी थोडी पुढे सोडली. रोज सकाळी व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहायचा. त्या नऊ दिवसांत अलार्मचं कनेक्शन झालं. मी बिलही विचारलं नाही.

मग १४ जुलै २०२५. राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद ठेवला. परमिट रूममधल्या बिलावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० झालेला, २०२५-२६ ला लायसन्स फी १५ टक्क्यांनी वाढली, आणि जूनमध्ये मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिप्पटवरून साडेचारपट केलं. बिअर आणि वाइनला त्या जूनच्या वाढीतून वगळलं होतं. दादा खूश. "आपण सुटलो!" मी म्हटलं, थांब. बारवाल्याची बाटली महाग झाली, की त्याचा गल्ला आटतो. गल्ला आटला की तो पहिल्यांदा कुणाचे पैसे थांबवतो? मोठ्या कंपनीचे थांबवले तर ती माल बंद करते. आपले थांबवले तर आपण "दादा, जरा बघा ना" म्हणून फोन करतो. ऑगस्टमध्ये उधारीचा रकाना ४५ वरून ६१ वर गेला. आम्हाला एका रुपयाची करवाढ झाली नव्हती, तरी आम्ही ती भरली.

हे आकडे विचारणाऱ्या चौघांपैकी दोघांनी इथे "बघतो" म्हणून फोन ठेवला. एकानं विचारलं, मग तुम्ही का करताय? त्याला मी सांगितलं की माझं उत्तर शीटमध्ये नाही. संध्याकाळी शेडमध्ये घाणा पडलेला असताना गरम माल्टचा जो वास सुटतो, लहानपणी आजी सातूचं पीठ भाजायची तसा, त्याचा रकाना मला अजून करता आलेला नाही. पण त्या वासावर हप्ता भरता येत नाही, म्हणून चालू वर्षाच्या लायसन्स फीइतकी रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्याचा पासवर्ड दादाला देत नाही. ३१ मार्चच्या रात्री नूतनीकरणासाठी कुणाकडे हात पसरायचा नाही, एवढाच माझा हट्ट.

गेल्या खंडेनवमीला आई पहिल्यांदा शेडवर आली. दादानं मॅश ढवळायचं लाकडी वल्हं, हायड्रोमीटर आणि एक धुतलेला केग पाटावर मांडला होता. मी लॅपटॉप ठेवला आणि शेजारी एक्साइजची नोंदवही. ज्या कायद्याखाली ती वही ठेवतात त्याचं नाव आजही दारूबंदी अधिनियम, १९४९, हे आईला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं हळदीकुंकवाचं बोट फिरवत फिरवत सगळं बघितलं आणि पहिल्या अक्षता नोंदवहीवर टाकल्या. म्हणाली, "शस्त्रांत हेच धारदार दिसतंय." मग केगवर कुंकू लावून विचारलं, "या पिंपाचे पैसे कधी येणार?" दादानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "संक्रांतीच्या आधी."

काल दादानं पुन्हा लागरचा विषय काढला. फक्त एक टाकी, फक्त हिवाळ्यात, चिलरची वीज कमी लागेल तेव्हा. मी नाही म्हटलं नाही. शीट उघडली, ४२ टाकले, आणि विजेचा आकडा बदलून बघतेय. २१० चे १९८ झालेत. अजून बसत नाही.

दरम्यान अण्णांचा टेम्पो येतो. आठवड्यातून दोनदा, सकाळी सातच्या आत, कारण चोथा उन्हात आंबला तर म्हशी तोंड लावत नाहीत. ते अजून दर वेळी म्हणतात, "ताई, बिलाचं राहू द्या ना," आणि मी दर वेळी बिल फाडते. मग ते बंडीच्या खिशातून नोटा काढतात, थुंकी लावून मोजतात, सुटे दोन रुपये शोधतात. माझ्या उधारीच्या रकान्यात सगळ्या गिऱ्हाइकांपुढे आकडे आहेत, ४५, ६१, एकापुढे तर ११०. अण्णांपुढे शून्य.